निळ्या लाद्यांचा चौक

अमदाबाद
दिवाळी होऊन गेल्यावर, १९६७

नवसे,

पत्र हातात आलं की आधी आयला बसव. ती बसणार नाही, चुलीकडं तोंड करून उभी राहील, तरी तू वाचायला लाग. आणि मी जिथं अशा दोन उभ्या रेघा ॥ ओढल्यात तिथं थांब. परत तशाच रेघा येईपर्यंतचं सगळं तुझ्या एकटीसाठी. ते मनातल्या मनात वाचायचं, ओठ न हलवता. गुरुजींनी तुला ते शिकवलं असेल. मला चौथी सुटेपर्यंत जमलं नव्हतं.

मी बरा आहे. जेवतो. ती तेवढंच विचारते असं तू लिहिलं होतंस, म्हणून हे जरा मोठ्यानं वाच.

उधन्याच्या गिरणीतलं काम सुटलं. म्हणजे मीच सोडलं. दिवसभर एकच पट्टा गरगरत असायचा, त्याच्याकडं बघून माझंही डोकं गरगरायचं. आता मी अमदाबादला एका हवेलीत आहे. कुणी नबाब होता, त्यानं जन्मभर मुसलमानी कारागिरीच्या वस्तू जमवल्या आणि मरताना लोकांना बघायला ठेवून गेला. म्युझियम म्हणतात. काचेचे दिवे आहेत, गालिचे आहेत, पितळेच्या सुरया आहेत, सोन्याच्या शाईनं लिहिलेली पानं आहेत. मी त्यातल्या कशालाच हात लावत नाही. मी चुना मळतो. आगऱ्याचे बशीरमियां म्हणून उस्ताद आहेत, त्यांच्या हाताखाली.

मोठ्या दालनात एक भिंत आहे, सगळी निळ्या लाद्यांची. सिंधकडं कुठली तरी जुनी इमारत पडली, तिथून उचलून आणलेली. त्या लाद्या आता सुटायला लागल्यात. आम्ही एकेक काढतो, मागचा मेलेला चुना खरवडतो, नवा भरतो आणि लादी परत जागेवर बसवतो. बसवतात उस्ताद. लादी ठोकायच्या लाकडी मोगरीला पण मी हात लावायचा नाही.

नवसे, त्या भिंतीपुढं पहिल्यांदा उभा राहिलो तर मला वाटलं ही आयनं लिहिलीय. मोठा चौकोन, आत लहान चौकोन, कडेनं साखळी, साखळीच्या कडेनं दातेरी पट्टी. लग्नात आय भिंतीवर चौक लिहिते तसाच. फक्त गेरूच्या जागी पांढरं आणि तांदळाच्या पिठाच्या जागी निळं. हे पण मोठ्यानं वाच आणि ती काय म्हणते ते मला कळव.

॥ आता गप्प. तू लिहिलंस की बा गेल्यापासून आयला कुणी लग्नाचा चौक लिहायला बोलवत नाही. ते तसंच असतं, चौक सवासणींनीच लिहायचा, नवरा गेलेल्या बाईनं नाही, हे मला माहीत आहे. पण पाड्यात ढोल वाजायला लागला की ती कोयता घेऊन लाकडाला निघून जाते, हे वाचलं आणि हातातली भाकर तशीच राहिली. मनोरपासून वाणगावपर्यंत आयचा, लाडकीचा हात लागल्याशिवाय लग्न लागत नव्हतं गं.

आणि ती माझ्याशी बोलत नाही ते तर मला तुझ्याआधी माहीत आहे. बा तापात गेला तेव्हा तुमचं पत्र सुरतेच्या जुन्या पत्त्यावर गेलं आणि मी तिथून कधीच उठलो होतो. घरी आलो तेव्हा त्याचे दिवस पण होऊन गेलेले. तिनं मला वाढलं, पांघरूण दिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. ओरडली असती तर मी राहिलो असतो.

तू लिहिलंस, गुरुजी यंदा शाळेची सहल साबरमतीच्या आश्रमाला नेणार. तो आश्रम या हवेलीपासून लांब नाही. गुरुजींना म्हण, एक वेळ आमच्याकडं पण पोरांना आणा. आणि आयला कसंही करून त्यात घाल. तिनं ही भिंत एकदा बघावी आणि माझ्याशी एक शब्द बोलावा, मग तो शिवीचा का असेना. बाकी मला काही नको. ॥

शेळीला पोट होतं, त्याचं काय झालं?

तुझा दादा
देवू


अमदाबाद
डिसेंबर, १९६७

नवसे,

नरहरी गुरुजींचं कार्ड आलं. "चि. देवू, तुझ्या अक्षरात काडीची सुधारणा नाही" अशी सुरुवात. पण शेवटी लिहिलंय की मुलांनी सगळ्या धर्माच्या लोकांचं हातकाम बघितलं पाहिजे, म्हणून येतो. खाली वेगळ्या शाईत, "सोबत एखादी पोक्त बाई हवी, त्याशिवाय पाड्यावरच्या आया मुली पाठवणार नाहीत." मी तीन वेळा वाचलं आणि हसलो. उस्ताद म्हणाले, "क्या हुआ, शादी ठहर गई?"

आयचं म्हणणं तू जसंच्या तसं लिहिलंस ते बरं केलंस. "माझ्यासारखीचा तोंड बघून पोरींनी गावाबाहेर पाय टाकायचा का?" असं ती म्हणणारच. तिच्याशी वाद घालू नकोस, वादात ती बाला पण हरवायची. तू तुझ्या वर्गातल्या पारूच्या आयकडं जा. ती देवाघरची भोळी बाई, पण पारूला एकटी सोडणार नाही. तिच्या तोंडून एवढंच वदवून घे, "लाडकी जात असंल तर माजी पोर जाईल, नायतर नाय." मग बाकीच्या आया पण तेच म्हणतील. आय स्वतःसाठी नाही म्हणेल, पण तिच्यामुळं दुसऱ्याच्या पोरी घरी राहिल्या हे तिला सोसणार नाही.

आणि ती तारापूरचं काय म्हणाली त्याचं उत्तर. एवढं मोठं वीजघर बांधतायत, सरावलीकडं कामगारांच्या झोपड्या उठल्यात, घाटावरचे लोक बायकापोरं घेऊन येऊन राहिले आणि आपला पोर अमदाबादला चुना मळतो, हे खरं. पण तिला सांग मी तिथं घमेली वाहून आलोय. वाईट काही नव्हतं. मुकादम शिव्या द्यायचा, पण भजी पण द्यायचा. फक्त तिथं काँक्रीट एकदा ओतलं की संपलं, परत त्याला कुणाचा हात लागत नाही. इथं उस्ताद म्हणतात, "तू कधी बसवशील ती लादी शंभर वर्षांनी कुणीतरी काढणार आहे. त्यानं तुला शिव्या देऊ नयेत असं बसव." मला ते आवडलं. माझ्या पायाला भिंगरी आहे असं बा म्हणायचा, पण या भिंतीपुढं अजून तरी ती फिरली नाही.

॥ भिंतीच्या मधोमध एक लादी कमी आहे. आणतानाच हरवली म्हणतात. म्युझियमच्या साहेबांनी आगऱ्याला तशीच नवी करायला टाकलीय, ती यायची आहे. तोवर उस्तादांनी तिथं सुरखी भरून ठेवलीय. सुरखी म्हणजे विटांचा कुटलेला भुगा, चुन्यात मळतात. रंग अगदी आपल्या गेरूनं सारवलेल्या भिंतीचा. मी रोज त्या लाल चौकोनाकडं बघतो. हे आयला सांगू नकोस, तिचं तिला दिसू दे. ॥

पारूच्या आयकडं उद्याच जा.

तुझा दादा
देवू


अमदाबाद
संक्रांतीच्या आत, १९६८

अगं वेडे,

कवठं काय पळून जाणार होती? सहल आठवड्यावर आली आणि तू झाडावर. मनोरच्या हाडवैद्यबाबांनी पायाचं हाड बसवलं, बांबूच्या पट्ट्या बांधल्या, सगळं कळलं. "दादा मी मुद्दाम नाही पडले" हे तू दोनदा का लिहिलंस? एकदा लिहिलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता.

तुझ्यासाठीच तर सगळं मांडलं होतं. तुला मी ती माशाच्या तोंडाची सुरई दाखवणार होतो, आणि तो काचेचा दिवा, ज्याच्यावर अक्षरं आहेत आणि आत दिवा लावला की अक्षरं भिंतीवर पडतात म्हणे. साहेब लावू देत नाहीत. आता मी कुणाला दाखवू?

आय म्हणत असेल मी पोरीला टाकून जात नाही. तिला सांग, आत्या येऊन राहील, आणि पारूच्या आयला दिलेला शब्द आहे. पोरीच्या पायाला पट्ट्या बांधल्यात, आयच्या शब्दाला नाही बांधल्या. हे वाक्य तुझं म्हणून सांग, माझं म्हणून नको.

॥ खरं सांगू? मला भीती वाटते. तू असतीस तर ती तुझ्याशी बोलली असती आणि मी मधूनमधून आपलं घुसवलं असतं. आता समोर मी एकटाच. कुठल्या वाक्यानं सुरुवात करू? आगगाडीत त्रास झाला का, हे विचारू? की बाचं काही बोलू? ॥

पाय हलवू नकोस.

देवू


अमदाबाद
आदल्या दिवशी

नवसे,

हे पत्र त्यांच्यानंतर तुझ्याकडं पोचेल, तरी लिहितो, कारण हात स्वस्थ बसत नाहीत. आज दाढी केली. दालन झाडून काढलं, ते माझं काम नाही. उस्तादांनी भिंतीवर ओलं कापड टाकलंय, चुना एकदम वाळला तर तडकतो म्हणून. मला म्हणाले, "तेरी अम्मा आ रही है या लाटसाहब?" मी म्हटलं, लाटसाहेबाला मी भीत नाही.

देवू


अमदाबाद
सहल परत गेल्यावर

नवसे,

॥ या पत्राला एकच मोठी रेघ समज. आय लाकडाला गेली की वाच. शेवटच्या रेघांपर्यंत सगळं तुझं.

तू लिहिलंस, आयला विचारलं काय बघितलंस, तर म्हणाली "लई भांडी होती." एवढंच. आणि पारू म्हणते गुरुजींना अटक होणार होती. तुला काहीच कळेना, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

स्टेशनावर मी तासभर आधी जाऊन उभा. पॅसेंजर आली तशी पहिली पारू उतरली, मग पोरी, मग पोरं, मग गुरुजी टोपी सांभाळत, आणि सगळ्यात शेवटी आय. मी पुढं झालो. तिनं माझ्या पायांकडं बघितलं. चपला होत्या, त्या तिला पटल्या बहुतेक. मग गुरुजींकडं वळून म्हणाली, "गुरुजी, ह्याला इचारा, जेवला का."

गुरुजी म्हणाले, "बाई, तो तुमच्यासमोर उभा आहे."

"दिसतो मला."

मी गुरुजींना म्हटलं, जेवलो म्हणून सांगा. गुरुजींनी सांगितलं. मग तिनं गाठोड्यातून भाकरी आणि सुका जवळा काढून गुरुजींच्या हातात दिला, "ह्याला द्या." गुरुजींनी मला दिला. म्हणाले, "मास्तरकी सोडून पोस्टात लागलो आज." पोरं हसली. ती नाही हसली. मी खालीच बघत होतो.

रात्री सगळे धर्मशाळेत राहिले. सकाळी आश्रम बघून हवेलीवर आले. पोरांनी चपला बाहेर काढल्या, ज्यांना होत्या त्यांनी. गुरुजी सोन्याच्या शाईतल्या पानापुढं थांबले. एक अक्षर वाचता येत नव्हतं त्यांना, तरी हात मागं बांधून किती वेळ उभे. मग मला हाक मारली, "देवू, इकडं ये. याला म्हणतात अक्षर." तुझी सुरई मी पोरांना दाखवली. एका पोरानं विचारलं, माशाच्या तोंडातून पाणी पडतं का दारू. गुरुजींनी त्याला पुढं ढकललं.

मग मोठं दालन. पारू सगळ्यांच्या पुढं होती. दारातून आत आली आणि तिला काय दिसलं, तर समोर भिंतभर चौक, कडेनं दातेरी पट्टी, आणि चौकावर पांढरं कापड. आपल्याकडं लग्न लावणारी धवलेरी गाणं म्हणेपर्यंत चौकावरचं कापड काढत नाहीत आणि तोवर कुणी त्याच्यापुढून जात नाही, हे तुला सांगायला नको. पारू तिथल्या तिथं फतकल मारून बसली. तिच्या मागं सगळ्या पोरी बसल्या. पोरं आधी हसली, मग ती पण बसली. दालन भरलं.

गुरुजी म्हणाले, "उठा गं, अजून गालिचे बघायचेत."

पारू म्हणाली, "कापड निगाल्याबिगर पुडं कसा जायचा, गुरुजी?"

"अगं, ते लग्नाचं नाही."

"मग झाकलाय कशाला?"

पारूनं धवलेरीसारखा हात कानाशी नेला आणि गाणं सुरू केलं. तिला दोनच ओळी येतात, त्याच ती परत परत म्हणायला लागली आणि बाकीच्या पोरी मागून सूर ओढायला लागल्या. आवाज ऐकून मोठे साहेब धावत आले. बघतात तर पन्नासएक पोरं जमिनीवर बसलेली, गाणं चाललेलं, आणि मधोमध खादीचे कपडे, पांढरी टोपी घालून गुरुजी. साहेबांचा चेहरा उतरला. गुरुजींना हात जोडून म्हणाले, "मास्टरजी, यह सत्याग्रह किस बात का है? हमसे क्या भूल हुई?"

गुरुजी बेचाळीस साली खरोखर तुरुंगात गेले होते ना. पण तेव्हा एवढे लाजले नसतील. अटक कुणालाच होणार नव्हती, पारूला सांग.

मी उस्तादांना आमची रीत सांगितली. मोडकी हिंदी, त्यात घाम. उस्तादांनी सगळं ऐकलं, साहेबांकडं बघून मान हलवली, आणि शिडीवर चढून ते ओलं कापड दोन्ही हातांनी हळूच खाली घेतलं. अगदी धवलेरीनं घ्यावं तसं, ओढलं नाही.

नवसे, निळा रंग खिडकीच्या उजेडात एकदम अंगावर आला. पोरं तोंड उघडं ठेवून बघत राहिली. आणि मधोमध तो लाल चौकोन, रिकामा.

पारू म्हणाली, "देव लिवलाच नाय अजून."

तेवढ्यात मी आयकडं बघितलं. ती दाराशीच उभी होती, पदर दातात धरून. मला वाटलं आता ती वळून बाहेर जाणार, ढोल वाजल्यावर जाते तशी.

गुरुजींनी पोरांना गालिचे दाखवायला पुढं नेलं, साहेबही त्यांच्यामागं गेले. आय दाराशीच राहिली. मग हळूहळू आत आली. पार भिंतीपाशी गेली, कडेच्या दातेरी पट्टीवरून बोट फिरवलं, एका जागी थांबली. मला म्हणाली नाही, उस्तादांना म्हणाली, "हितं हात बदलला." उस्तादांना मराठी येत नाही. पण त्यांनी ते बोट बघितलं आणि म्हणाले, "हां बहन. यहाँ से दूसरे कारीगर का काम है." मी दोन-अडीच महिने त्या भिंतीला चुना पुरवतोय, मला ते दिसलं नव्हतं.

मग ती लाल चौकोनापुढं उभी राहिली. ओल्या सुरखीचा वास घेतला. बाजूला माझी पातळ कालवलेल्या चुन्याची वाटी होती, पांढरी दुधासारखी, आणि सांधे साफ करायची बांबूची काडी. लाल भिंत, पांढरं पाणी, बांबूची काडी. तिला काय वाटलं असेल तूच सांग. ती उस्तादांना म्हणाली, "सारवून ठेवलाय, सगळी तयारी हाय, मग लिवत का नाय कोण? तुमच्यात सवासीण नाय का?"

हे मी हिंदीत सांगितलं. उस्तादांनी हातातली थापी पुसून खाली ठेवली. मग म्हणाले, आमच्यात देवाची तस्वीर काढत नाहीत, इथं फुलाची नक्षी येईल. आणि सवासीण म्हणाल तर माझी बायको गेली, चार वर्षं झाली.

आयनं त्यांच्याकडं नीट बघितलं. म्हणाली, "माजा पण गेला."

मला मधे पडायची गरजच राहिली नाही. ते हिंदीत, ती आपल्या बोलीत. ती म्हणाली, मी आता चौक लिहीत नाही. ते म्हणाले, माझे हात थरथरतात, ही शेवटची भिंत. ती म्हणाली, तापात गेला. ते म्हणाले, अल्लाची मर्जी. मी वाटीत काडी ढवळत उभा, जसा काही मला ऐकायलाच येत नाही.

मग तिनं माझ्याकडं हात केला. बघितलं नाही, नुसता हात केला. म्हणाली, "वाटी धर."

नवसे, एवढंच. मी शब्द मागितला होता, दोन मिळाले. मी वाटी धरली.

तिनं काडीचं टोक दातानं चावून मऊ केलं, चुन्यात बुडवलं. मी घाबरलो. उस्ताद म्हणाले, "बहन, तस्वीर..." आणि साहेब गेले त्या दाराकडं बघितलं.

आय म्हणाली, "तस्वीर नाय ही. माजा घरवाला हाय."

उस्तादांनी तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. लिहून होईपर्यंत वळले नाहीत.

तिनं देव लिहिला नाही. तिला तो लिहायचा नव्हताच, रीत ती मोडणार नाही. तिनं आधी ताड लिहिला, खालून वर, एका दमात. शेंड्याला झावळ्या. मग ताडावर बा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, त्याला हातपाय, एक पाय वर, एक खाली, कमरेला ताडीचा भोपळा. बा चढताना डावा गुडघा बाहेर काढायचा, तुला आठवतं? तो गुडघा पण. वीतभर जागेत. मी बघता बघता वाटी कलंडवली, तर म्हणाली, "नीट धर की." म्हणजे चार झाले... पाच.

झालं तेव्हा उस्ताद वळले. खूप वेळ बघितलं. मग मला म्हणाले, तुझ्या आईला सांग, आगऱ्याची लादी पंधरा दिवसांत येईल आणि हे तिच्याखाली झाकलं जाईल. कुणाला दिसणार नाही. आधी सांगितलेलं बरं.

मी सांगितलं. मला वाटलं तिला वाईट वाटेल.

ती म्हणाली, "बरा हाय. लई उनात चढला तो. सावलीत ऱ्हाईल."

मग तिनं काडी धुवून जागेवर ठेवली, लुगड्याला हात पुसले आणि पोरींकडं गेली. गाडीत बसताना परत "गुरुजी, ह्याला सांगा, येळेवर जेव" सुरू. पण गाडी हलल्यावर खिडकीतून माझ्याकडं बघत राहिली. मी हात केला. तिनं केला नाही, पण बघत राहिली. ॥

इथून पुढचं ती असताना वाच. सगळी मंडळी सुखरूप पोचली हे वाचून आनंद झाला. तुझा पाय सुधारतोय ते बरं. कवठं आता पिकून पडतील, खालून वेच.

देवू


अमदाबाद
माघ, १९६८

नवसे,

या पत्रात रेघा नाहीत. सगळं मोठ्यानं वाच. आय काही करत असली तर थांबव, कोयता खाली ठेवायला सांग.

आगऱ्याहून लादी आली. गवतात गुंडाळलेली, निळी, मधे पांढरं फूल. उस्तादांनी ती उजेडात धरून बघितली, मग माझ्या हातात दिली. म्हणाले, "यह तू बिठाएगा." मी म्हटलं, मला नाही येत, मी चुनेवाला. ते म्हणाले, "बाप तेरा है."

नवसे, बाला मी माती दिली नव्हती. हे आयला माहीत आहे, तुला माहीत आहे, साऱ्या पाड्याला माहीत आहे. कुणी मला कधी बोलून दाखवलं नाही, तेच जास्त लागायचं.

मी सुरखी नवीन मळली. बेलाचा गर घातला, गूळ घातला, उस्ताद घालतात तसा. मग चौकोनापुढं बसलो. बा ताडावर होता तसाच, चुना वाळून आणखी पांढरा झालेला. पातळ थर द्यायचा असतो. पहिला घास मी त्याच्या पायाशी ठेवला, थापीनं नाही, हातानं. मग गुडघ्यावर. मग भोपळ्यावर. तोंडाशी आलो तेव्हा थांबलो. उस्ताद मागं उभे होते. मग ते पण झाकलं. लादी टेकवली, मोगरीनं चारी कोपऱ्यांवर हलकं ठोकलं. उस्तादांनी कडेवरून नख फिरवून बघितलं. कुठं उंच नाही, कुठं खाली नाही.

साहेब आले, भिंत बघितली, छान झाली म्हणाले. त्यांना फूल दिसलं.

उस्ताद होळीनंतर आगऱ्याला परत जाणार, मला बरोबर चल म्हणतात. गुरुजी लिहितात तारापूरला ये, गवंडीकाम येणारा माणूस पाहिजे आहे. अजून मी काही ठरवलं नाही. पण यावेळी उठण्याआधी मी कुठं जातो ते लिहून कळवीन, पत्र चुकणार नाही. आणि शिमग्याला येतो. येतो म्हणून मागं पण आलो नव्हतो, म्हणून आयला खात्री वाटणार नाही. तिला सांग, खात्री धरूच नकोस. मी दारात आलो की मग तिनं मला जे बोलायचं ते बोलावं, गुरुजींना मधे न घालता.

आता हे शेवटचं वाचून दाखव आणि तिच्याकडं बघ:

आय, लादी बसली. चांगली बसली. शंभर वर्षांनी कुणी काढली तर खाली तुझा हात सापडेल, आणि त्याच्यावर माझा. बा सावलीत आहे.

ती काय म्हणाली ते मला लिही. काही नाही म्हणाली, तर ते पण लिही.

देवू